सेसिलियाच्या वहीतलं मागचं पान

इंदूर, ५ ऑक्टोबर २०२५

देवयानीस,

पाकिटावरचं अक्षर ओळखलं असशील. अजून तसंच आहे, शेवटच्या वेलांटीला पाय पसरून बसणारं. तुझ्या पत्त्यासाठी पुष्करला राजवाड्यासमोर गाठून अर्धा तास छळलं. आपला हा मामेभाऊ साठीला आला तरी कुणी आवाज चढवला की आधी स्वतःचे खिसे चाचपतो. फोन नंबर द्यायला काही तयार झाला नाही. तुला विचारल्याशिवाय दिला तर त्याची खैर नाही म्हणाला. पत्ता मात्र कचोरीच्या कागदावर लिहून दिला. त्याच्याकडूनच कळलं की तुझ्या हृदयाची झडप बदलायची आहे, बडोद्यालाच, येत्या पाच नोव्हेंबरला.

त्याविषयी मी काही लिहीत नाही. एकोणचाळीस वर्षांनी एकदम प्रकृतीची चौकशी करणं शोभत नाही.

काम वेगळंच आहे. छावणीच्या मागे आमचं संत सेसिलियाचं चॅपल आहे, त्याला पुढच्या वर्षी शंभर वर्षं होतात. स्मरणिका निघणार आहे आणि चॅपलचा इतिहास लिहायचं माझ्या गळ्यात पडलं आहे, कारण जुनी कागदपत्रं चाळणारं दुसरं कुणी उरलं नाही. तुला आठवत असेल, आपण लहान असताना बड्या गणपतीसमोरून वराती जायच्या आणि बँडमध्ये मागच्या रांगेत काळी क्लॅरिनेट वाजवणारे ते उंच गोवेकर असायचे. तू त्यांना घाबरायचीस. त्यांच्याविषयी दोन ओळी लिहून पाठव. स्वतःच्या हाताने लिहिलेल्या हव्यात, टाइप केलेल्या चालणार नाहीत.

एक तारखेच्या आत पोचतील असं बघ. सोबत तिकीट लावलेलं पाकीट ठेवते आहे.

अमिता


इंदूर, १३ ऑक्टोबर २०२५

देवयानीस,

उत्तर नाही आलं. टपालाला वेळ लागतो, मला कळतं. तोवर चॅपलची हकीगत सांगते, म्हणजे कशावर लिहायचं ते तुला सुचेल.

संस्थानच्या बँडसाठी गोव्याहून अकरा जण आले होते. गोवा तेव्हा पोर्तुगालचा, म्हणजे कागदावर ही माणसं परदेशी. इथली भाषा येत नाही, मासे मिळत नाहीत, उन्हाळ्यात नाकातून रक्त येतं. त्यांनी पत्र्याचं छप्पर घालून हे चॅपल उभं केलं आणि गाणाऱ्यांची संत म्हणून सेसिलियाचं नाव दिलं. घंटा परवडली नाही, म्हणून रेल्वेच्या रुळाचा तुकडा साखळीने टांगला. अजून तोच आहे. हातोडीने टोला मारला की दात आंबतात.

दोन नोव्हेंबर हा त्यांच्याकडे मेलेल्यांचा दिवस. आपल्याकडे सर्वपित्री असते तसा. त्या दिवशी एका वहीतून गेलेल्यांची नावं मोठ्याने वाचतात, आणि प्रत्येक नावानंतर सगळे म्हणतात, "प्रभु, इसे शांति दे." आता आमचं सगळं हिंदीतच चालतं. पण या माणसांची पंचाईत अशी होती की घरची माणसं गोव्यात, आणि तिथे कोण मेलं ते इथे कळायला सहा-सहा महिने लागायचे. कधी कळायचंच नाही. मग बिनप्रार्थनेचा आत्मा भटकत राहील या भीतीने त्यांनी एक नियम केला. ज्याच्याकडून वर्षभर पत्र आलं नाही, त्याचं नाव वहीच्या मागच्या पानांवर घालायचं आणि मेलेल्यांबरोबर वाचायचं. पुढे पत्र आलंच, तर ते पत्र वेदीवर ठेवायचं, नावावर लाल शाईची रेघ ओढायची, शेजारी "पत्र आलं" असं लिहायचं आणि रुळावर एक टोला द्यायचा. पत्र त्या माणसाच्या हातचंच पाहिजे. कुणी येऊन सांगितलं की तो बरा आहे, तर ते चालत नाही.

असा नियम दुसऱ्या कुठल्या चर्चमध्ये नाही. मोठ्या चर्चवाले आम्हाला हसतात.

मागच्या पानांवर एकेचाळीस नावं आहेत आणि लाल रेघा फक्त सहा. त्यातली एक बँडच्या सांतान मास्तरांच्या आईची. तीन वर्षं पत्र नव्हतं, मास्तर दर नोव्हेंबरला तिच्यासाठी रडत होते. चौथ्या वर्षी पत्र आलं, आणि त्यात तिनं लिहिलं होतं की तुझं काही कळेना म्हणून मी इकडे तुझ्या नावाने तीन मिस्सा म्हणवल्या. माय-लेक एकमेकांच्या आत्म्याला शांती देत बसले होते. हे मी स्मरणिकेत घेणार आहे. लोकांना हसू येईल.

दोन ओळी पाठव. काहीही लिही. पाऊस संपला एवढं लिहिलंस तरी चालेल.

अमिता


इंदूर, २४ ऑक्टोबर २०२५

देवयानीस,

काल भाऊबीज झाली. पुष्कर ओवाळून घ्यायला आला होता. त्याला मी विचारलं आणि त्याने खाली बघत सांगितलं की दोन्ही पत्रं तुला मिळाली आहेत. तू ती उशीखाली ठेवली आहेस आणि फोडलेली नाहीस.

मला आधी राग आला. मग बरं वाटलं. न फोडलेल्या पत्रात माणूस काहीही लिहू शकतो.

तर ऐक. मागच्या पानांवरचं एकेचाळिसावं नाव तुझं आहे. देवयानी कृष्णराव सबनीस. २ नोव्हेंबर १९८७ला घातलं. मी घातलं.

तू म्हणशील, कशाच्या जोरावर. मी सांगते कशाच्या जोरावर. फेब्रुवारी शहाऐंशीत मी त्या बँडवाल्या गोवेकरांच्या कायतानशी कोर्टात जाऊन लग्न केलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी एकटीच घरी आले होते, पाया पडायला. दार तू उघडलंस. तुझे केस ओले होते. वेणीच्या टोकातून पाणी उंबऱ्यावर ठिबकत होतं. थंडीचे दिवस, दिवेलागणीची वेळ, आपल्या घरात त्या वेळी कुणी न्हात नसे. मी काय ते समजले. दादांनी, जन्मदात्या बापाने, मी मेले म्हणून सगळ्या घराला माझ्या नावाने आंघोळ करायला लावली होती, आणि तू केली होतीस. वीस वर्षांची घोडी, एम.ए.ला बसलेली. एक शब्द न बोलता तू माझ्याकडे पाहिलंस आणि दार लावलंस.

मी उंबऱ्यावरचं ते पाणी पाहत उभी राहिले. मेलेल्या माणसाला काय काय दिसतं ते मला त्या दिवशी कळलं.

गंमत ऐक. मी आजपर्यंत बाप्तिस्मा घेतलेला नाही. कायतानने कधी म्हटलंच नाही. मंगळवारी बड्या गणपतीला जाते आणि रविवारी चॅपलची पितळ घासते. ज्या गोष्टीसाठी दादांनी मला मारलं, ती घडलीच नाही. कुणी येऊन विचारलं असतं तर सांगितलं असतं.

पुढच्या वर्षी नोव्हेंबर आला तेव्हा सासरे वही घेऊन बसले होते. त्यांनी विचारलं, तुझ्या माहेरचं कुणी आहे का. मी म्हटलं, धाकटी बहीण आहे, वर्षाच्या वर झालं, पत्र नाही. त्यांनी हळहळत लिहून घेतलं. त्यांच्या मनात काही पाप नव्हतं. त्यांना वाटलं, माळव्यातली पोर आपला नियम पाळते आहे.

चार वाजता त्यांनी यादी वाचली. तुझं नाव आलं, लोक म्हणाले "प्रभु, इसे शांति दे," मीही म्हणाले. त्याच वेळी माझ्या मानेवर पाण्याचा थेंब पडला. गार. आभाळ स्वच्छ होतं, वर पत्रा कोरडा ठणठणीत. मी हात फिरवला तर बोटं ओली, आणि शिकेकाईचा वास.

त्यानंतर दर वर्षी. कायतानला शिडी लावून पत्र्यावर चढवलं, त्याने डांबर फासलं. काही उपयोग झाला नाही. तीन वर्षांपूर्वी छप्पर नवीन झालं, तरी थेंब आपल्या वेळेला हजर. सहा वर्षांपूर्वी कायतान गेला, तेव्हापासून यादी मीच वाचते. तुझं नाव शेवटचं येतं. ते उच्चारायच्या आधीच मी मान खाली घालते.

मी वेडी नाही. सदतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं आहे.

तुझ्या पत्रांवर मी "चि." लिहीत नाही हे तुझ्या ध्यानात आलं असेल. धाकट्या बहिणीला चिरंजीव लिहायची पद्धत आहे. मला ते अक्षर लिहवत नाही. एका हाताने चिरंजीव लिहायचं आणि दुसऱ्या हाताने मेलेल्यांत वाचायचं, एवढी माझी छाती नाही.

पाच तारखेला तुझी छाती उघडणार. दोन तारखेला मी तुझं नाव वाचणार. मधे तीन दिवस. आता कळलं ना, मला दोन ओळी कशाला हव्यात? स्मरणिका गेली खड्ड्यात. तुझ्या हातचं पत्र आलं तर नाव निघेल. नुसतं पाकीट पाठव, त्यात कोरा कागद घाल, वर तुझ्या हाताने माझा पत्ता घाल. मी तेवढ्यावर भागवेन.

अमिता


इंदूर, ३० ऑक्टोबर २०२५

देवयानीस,

रोज गेटपाशी उभी राहते. पोस्टमन आता लांबूनच मान हलवतो.

पुष्कर म्हणतो, तिसरंही उशीखाली गेलं. "ताई, वो सुनती नहीं है किसी की, तुला माहीत आहे ना," म्हणाला. मला माहीत नाही. मला वीस वर्षांची तू माहीत आहेस.

फादर उदयसिंहांकडे गेले होते. आमचे नवे फादर, झाबुआचे, माझ्या विद्यार्थ्यांपेक्षा लहान. त्यांनी सगळी वही कॉम्प्युटरवर चढवली आहे. मी त्यांना इतकंच सांगितलं की एक नाव जिवंत माणसाचं आहे. ते हसले आणि म्हणाले, "आंटी, इसमें क्या है, अभी डिलीट कर देता हूँ." त्यांनी खरोखरच बोट उचललं. मीच त्यांचा हात धरला. मी म्हटलं, मागच्या पानावरचं नाव असं निघत नाही, पत्र लागतं. त्यांनी विचारलं, "तो चिट्ठी कभी नहीं आई?"

मी नाही म्हटलं. चॅपलमध्ये, फादरांच्या तोंडावर.

घरी आले आणि जेवण गेलं नाही. आता हे तुला लिहिते आहे, कारण तू वाचणार नाहीस.

पत्र आलं होतं, देवू.

१९८७चा एप्रिल. पाडवा होऊन आठवडा झाला असेल. निळं अंतर्देशीय पत्र, तुझ्या अक्षरातलं. बड्या गणपतीपासून छावणीपर्यंत माणूस चालत येतो, आणि तू टपालाने पाठवलं होतंस. कायतानने दारात घेतलं आणि नाचत आत घेऊन आला. मी त्याच्या हातातून घेतलं, उलटसुलट केलं आणि म्हटलं, नंतर वाचेन. मला वाटलं, आत वर्षश्राद्धाची हकीगत असेल. नाहीतर दादांनी सांगून लिहवलेलं काहीतरी, की आता तोंड दाखवू नकोस. आणि समजा माफी असेल तर? ती तर मला मुळीच नको होती. मी तेव्हा माझ्या रागावर जगत होते, तो कुणी काढून घेतला असता तर माझ्यापाशी काय राहिलं असतं?

त्याच्या जुन्या क्लॅरिनेटच्या पेटीत, मखमलीच्या खाली मी ते सारलं. नोव्हेंबरात सासऱ्यांनी विचारलं तेव्हा ते तिथेच होतं, माझ्या डोक्यावर, फळीवर. पत्र नाही असं मी त्यांना सांगितलं. बाकी चाळीस नावं भीतीने घातलेली आहेत. एकेचाळिसावं खोटं आहे.

एकदा तुझं नाव वाचलं गेल्यावर ते पत्र उघडणं जमेना. आत तू बोलत असशील या विचारानेच हात मागे यायचा. एकोणनव्वदमध्ये तुझं लग्न झालं, तेव्हा वरातीच्या बँडमध्ये कायतान होता. दादांनी ओळखू नये म्हणून टोपी कपाळावर ओढून मागच्या रांगेत वाजवत होता. घरी येऊन म्हणाला, तुझी बहीण रडत नव्हती, सारखी मागे बँडकडे बघत होती. तू त्याला ओळखलं होतंस का? त्याच वर्षी दोन नोव्हेंबरला मी पुन्हा तुला शांती मागितली. कायतान माझ्या शेजारी बसला होता. तो त्या नावाला कधीच तोंड उघडत नसे. जाण्याच्या आदल्या आठवड्यात त्याने फक्त एवढंच विचारलं, "वाचलंस का गं ते?" मी उशी सारखी करत राहिले.

मी तुझ्याकडे पत्र मागते आहे आणि तुझं पत्र माझ्या फळीवर आहे. तू माझी तीन उशीखाली ठेवलीस म्हणून मला राग आला होता. मी कोण रागावणार?

पेटी खाली काढली आहे. कड्या गंजल्या आहेत. रविवारी चॅपलमध्ये घेऊन जाते.

अमिता


इंदूर, २ नोव्हेंबर २०२५, रविवार

चि. देवू,

हे पत्र पोस्टात टाकत नाही. उद्या सकाळी सातची बडोद्याची बस आहे, त्यात बसते आहे. पत्र माझ्या पर्समध्ये असेल. तू फोडलं नाहीस तर मी वाचून दाखवेन, तू कान बंद केलेस तर जोरात वाचेन. शाळेतला आवाज अजून शाबूत आहे.

आज चारला यादी सुरू झाली. पंधरा-वीस माणसं होती, बाकीचे मोठ्या चर्चला जातात. पुढची पानं वाचली. मागची, लाल रेघ नसलेली चौतीस वाचली. मग मी थांबले आणि फादरांना सांगितलं की गुरुवारी मी खोटं बोलले, पत्र आलेलं आहे, अडतीस वर्षांपूर्वी. वेदीवरची मेणबत्ती तेवढी जरा बाजूला सरकवून त्यांनी जागा केली.

पत्र ठेवण्याआधी ते त्याच माणसाचं आहे हे बघायची रीत आहे. म्हणून मला ते तिथेच उघडावं लागलं. कड सुटताना निळा कागद दोन ठिकाणी फाटला. शाई फिकी झाली आहे, पण वाचता येतं. तुला आठवतं का काय लिहिलं होतंस? मी तुझंच तुला लिहून देते.

"ताई, दादांनी त्या दिवशी सगळ्यांना आंघोळ करायला लावली. मी न्हाणीची कडी लावली, नळ मोठा सोडला आणि वाकून फक्त केस ओले केले. अंगावर पाणी घेतलं नाही. तू आलीस तेव्हा दादा माझ्या पाठीमागे उभे होते म्हणून बोलता आलं नाही. मला वाटलं, तू माझ्या परकराकडे बघशील. तो कोरडा होता. सकाळचाच होता. माघात तुझं वर्षश्राद्ध झालं, तेव्हा मी सरलाकडे जाऊन कांद्याची भजी खाल्ली, तिच्या आईला विचार. माझ्यासाठी तू आहेस. उत्तर सरलाच्या पत्त्यावर पाठव, घरी नको. मी रोज कॉलेजातून येताना तिच्याकडे डोकावत जाईन."

खाली सरलाचा पत्ता आहे. तू किती दिवस डोकावलीस, देवू?

फादरांनी लाल पेन दिलं. रेघ तुझ्या नावावरून वाकडी गेली. शेजारी "पत्र आलं" लिहिलं. बाहेर जाऊन रुळाला टोला मीच दिला. बाकीचे उगीच काहीतरी समजल्यासारखे उभे होते. आत परत येऊन मी मान खाली घातली आणि वाट पाहिली. थेंब पडला नाही. मी बराच वेळ तशीच बसले. मान कोरडीच राहिली, आणि मला वाटलं होतं तसं हलकं काही वाटलं नाही.

पुष्करला फोन करून मी येते आहे असं सांगितलं. तुला विचारून कळवतो म्हणाला. मी म्हटलं, विचारू नकोस. दार कुणीही उघडलं तरी मी आत येणार आहे.

एवढं एकच सांगायला येते आहे. त्या दिवशी मी तुझ्या केसांकडेच बघत राहिले, परकराकडे माझं लक्ष गेलं नाही. तू नुसते केस भिजवलेस. आंघोळ मी केली, अडतीस वेळा.

तुझी ताई,
अमिता